वाळकांवर कीड पडली तो भादवा

भादव्यातलं ऊन चावरं असतं. पावसानं हवा धुऊन काढलेली, त्यामुळं मधे काही आडच येत नाही, सरळ मानेवर उतरतं. यंदा गणपती गेले आणि लगेच तसं ऊन पडलं. केडगावच्या आमच्या गच्चीवर मी एका जुन्या ड्रमात दोडका लावलाय. कठड्यावरून तो शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पोचलाय. सकाळी दोडके बघायला वर गेले, तर एका कोवळ्या दोडक्यावर तो बसला होता. तपकिरी-काळा, अंगठ्याच्या नखाहून जरा लांब. मी हात पुढं केला तसा तो दोडक्याच्या पाठीमागं सरकला. मी वाकून पाठीमागं बघितलं, तर तो पुन्हा पुढं. त्याच्या मागच्या दोन पायांना, गुडघ्याखाली, वाळलेल्या पानाचा तुकडा चिकटवावा तसा पसरट भाग होता. मी तिथंच कठड्याला धरून उभी राहिले.

नातीनं त्याचा फोटो काढला आणि मोबाईलवर शोधून सांगितलं, "आजी, ह्याच्या नावाचा अर्थच पानासारख्या पायांचा किडा असा आहे. वेलभाज्यांचा रस शोषतो म्हणे. तू बघितला होतास आधी?"

बघितला होता. त्याला नाव असेल हे मात्र कधी मनातच आलं नव्हतं. आमच्याकडं कोणी त्याला ढेकण्या म्हणे, कोणी नुसतं "ते". मुलानं तो चपलेखाली चिरडला आणि गच्चीभर वास सुटला. खवट झालेलं खोबरेल आणि कुजलेली कोथिंबीर एकत्र केल्यासारखा. त्या वासाबरोबर मी शेवगावच्या पुढच्या त्या रानात जाऊन उभी राहिले, जिथं दुष्काळ सरल्यानंतरच्या भादव्यात माझ्या सासूबाई वाळकांच्या वेलांत गुडघ्यावर बसलेल्या होत्या.

मी बेलापूरची. पाटाच्या पाण्यावर वाढलेली. आमच्या माहेरी भाजीचं कौतुक नव्हतं, बांधावर हात घातला की काहीतरी हाताला लागायचं. लग्न होऊन पूर्वेकडच्या कोरड्या गावात आले तेव्हा भाजी म्हणजे बाजरीच्या ओळींत टाकलेली वाळकं, आणि पाऊस झाला तरच, हे शिकले. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. घरात आम्ही तिघं: हे, मी आणि आत्याबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. उंच, हाडापेरानं मोठी बाई, बोलायला कमी. माहेरचं नाव काढलं की मात्र तिच्या आवाजात ओल यायची.

तिचं माहेर गोदावरीच्या काठावर होतं, आमच्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. लग्नानंतरच्या पहिल्याच भादव्यात, दुष्काळाच्या आदल्या वर्षी, ती मला तिथं घेऊन गेली. तिचा धाकटा भाऊ, आमचे रंगूमामा, आम्हाला मळईत घेऊन गेले. नदीनं गाळ आणून टाकलेलं ते काळं रान, पाय ठेवला की टाच आत जायची. वेल इतके दाट की जमीन दिसत नव्हती. पण वाळूक शोधायला डोळे लागतच नव्हते. मामा नाक वर करून चालत आणि एका जागी थांबून पानं बाजूला करत. तिथं पिकलेलं वाळूक असायचंच. हिरव्या पट्ट्यांचं, वर बारीक जाळी, देठाशी तडकलेलं. त्यांनी विळ्यानं फोड केली, मीठ लावलं आणि पहिली फोड बहिणीच्या हातावर ठेवली. तो वास मला सांगता येणार नाही. केवड्यासारखा म्हणावा तर केवड्याचा उग्रपणा त्यात नव्हता. आत्याबाई डोळे मिटून खात होती. मी तिला तशी आधी कधी पाहिली नव्हती, आणि नंतरही नाही.

निघताना मामांनी बी दिलं. "आक्का, तुझ्याकडं बी असू दे. ह्या गावाचं काय खरं न्हाई आता."

पैठणला धरण बांधायचं काम चालू होतं आणि त्याचं पाणी मागं फुगत येऊन काठावरची गावं त्यात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं निराळं. त्या दिवशी नदी खाली अगदी बारीक, शहाण्यासारखी वाहत होती. ती एवढी वर येऊन ही मळई, मागचं देऊळ, मामांचा गोठा हे सगळं पोटात घेईल, हे तिच्याकडं बघून कुणालाच पटलं नसतं.

आत्याबाईनं ते बी राखेत घोळून शेणात थापलं आणि चुलीच्या वरच्या भिंतीला लावून ठेवलं. पुढच्या वर्षी पाऊसच आला नाही. त्या वर्षाबद्दल पुष्कळ बोललं गेलंय, मी आणखी काय बोलू. आम्ही दोघं खडी फोडायच्या कामावर जायचो आणि आत्याबाई घर आणि एक गाय सांभाळायची. संध्याकाळी सरकारी लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी थापताना माझी नजर सारखी त्या भिंतीकडं जायची. वाळकाच्या बिया भाजून खातात. एकदा ह्यांनी नुसतं म्हटलं, "आई, तेवढ्याच मूठभर हुतील." आत्याबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि एवढंच म्हणाली, "त्या खायाच्या न्हाईत." पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

मग पाऊस झाला आणि रानं हिरवी झाली. बाजरी पेरली, आणि विहिरीच्या अंगाला जिथं माती जरा खोल होती तिथं आत्याबाईनं शेणाच्या गोवऱ्या फोडून त्यातलं बी आपल्या हातानं टोचलं. सगळं. एकही मागं ठेवलं नाही. दोन पावसाळे भिंतीवर राहिलेलं बी आणखी थांबलं तर उगवेल की नाही, ही भीती तिला होती. ते उगवलं. वेल पसरले, पिवळी फुलं आली. रोज सकाळी ती दातवण करत तिथं जाऊन उभी राहायची.

बैलपोळ्याच्या सुमारास मामांच्या गावचा एक माणूस बाजाराला आला होता, त्याच्याकडून निरोप आला. गाव उठलं. माणसं वरच्या माळावर नव्या गावठाणात गेली. दुष्काळात आणि त्या हलवाहलवीत मामांकडचं बियाणं सगळं गेलं होतं. "आक्काला सांगा, वाळकाचं बी धरून ठिव, मी येतो न्यायला," एवढाच निरोप. आत्याबाईनं तो दोनदा सांगायला लावला.

त्यानंतर चारच दिवसांनी मी पहिल्यांदा ते बघितले.

आधी मला वाटलं, वेलाच्या तणाव्याला कोणी मणी ओवलेत. बारीक तपकिरी अंडी, एकाला एक लागून, सरळ ओळीत. मी कौतुकानं आत्याबाईला दाखवली. तिलाही ती कशाची ते कळलं नाही. मग त्यातून तांबडी पिल्लं निघाली, काळ्या पायांची, एका पानाखाली गोळा होऊन बसलेली, जशी लहान मुलं थंडीत एका गोधडीत बसतात. आणि मग मोठे. कुठून आले कळेना. वर्षभर सगळं रान करपलेलं होतं, तेव्हा हे कुठं दडले होते? बाजरीला हात लावला नाही त्यांनी. नेमके वाळकांवर.

अळी पडली तर पानाला भोक दिसतं. टोळ आले तर रान ओरबाडलेलं दिसतं. ह्या किड्यांचं काहीच दिसत नसे. वेल हिरवागार, फुलं जिथल्या तिथं. पाहुण्यासारखे शांत बसलेले असत, सोंड आत खुपसून. आणि दोन-तीन दिवसांनी लिंबाएवढं वाळूक एका अंगानं वाकडं व्हायचं, त्याच्यावर कडक ठिपके पडायचे, पिवळं होऊन गळायचं. उचललं तर हाताला हलकं लागायचं. आत्याबाई एकेक गळालेलं उचलून पदरात घ्यायची. टाकायची नाही. संध्याकाळी ती गायीपुढं ठेवायची, आणि गायसुद्धा हुंगून तोंड फिरवायची.

आम्ही काय केलं नाही? चुलीची राख चाळून वेलांवर टाकली, पावसानं ती धुऊन नेली. निंबाचा पाला कुटून त्याचं पाणी मारलं. तंबाखू उकळून मारली. मग हातानं वेचायला लागलो. सकाळी ऊन तापायच्या आत ते सुस्त असतात, तेव्हा मी एका बाजूनं आणि आत्याबाई दुसऱ्या बाजूनं. एकीनं हात पुढं केला की ते पलीकडं सरकत आणि दुसरीच्या हातात सापडत. बादलीत पाणी आणि वर थोडं रॉकेल. रॉकेल दिव्याला मिळायची मारामार, तरी ह्यांनी कुठून तरी आणून दिलं. बादली काळी व्हायची. आणि दुसऱ्या दिवशी वेलांवर तेवढेच.

वास हाताला बसला. राखेनं घासा, मातीनं घासा, जात नव्हता. भाकरीला लागायचा. एकदा जेवताना आत्याबाईनं घास तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. हाताचा तळवा नाकाशी धरला. "भादव्यात माझ्या हाताला वाळकाचा वास यायचा गं सुमन," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तवा शेजारच्या बायका हुंगून बघायच्या. आन आता ह्यो बघ."

ह्यांनी शेवगावहून पावडर आणली. फडक्यात बांधून वेलांवर झटकली. संध्याकाळपर्यंत ते पटापट पडले, पाय वर करून. आम्ही तिघंही हसलो त्या दिवशी, मला आठवतं. सकाळी जाऊन बघितलं तर फुलांत मधमाशा मरून पडलेल्या, पिवळ्या वाटीत एकेक. आणि तिसऱ्या दिवशी बांधाकडून घोंघावत ते पुन्हा आले, उडताना जड आवाज करत. आत्याबाईनं फुलातली एक माशी तळहातावर घेतली. "माशा मेल्या," ती म्हणाली, "ह्ये जितंच." त्यानंतर तिनं पावडर टाकू दिली नाही. ह्यांना त्याचा राग आला. बाजरीची कणसं तोवर चांगली भरली होती, पुन्हा भाकरी दिसू लागली होती, घरातल्या माणसांच्या चेहऱ्यावर रक्त आलं होतं.

"आई, बाजरी आली न्हवं?" हे म्हणाले. "मग वाळकाचं काय घिऊन बसलीस? पुढल्या वर्षी बाजारातून बी आनू की."

ते चुकीचं बोलत नव्हते. दुष्काळातून जिवंत बाहेर आलेल्या माणसाला भरलेलं कणीस सोडून दुसरं काय दिसणार? आत्याबाईनं पेटीतून आपलं एक जुनं लुगडं काढलं, हिरवं, काठ विरलेलं, आणि अंगणात बसून त्याचे चौकोनी तुकडे फाडले. फाडण्याचा आवाज ऐकून मी बाहेर आले. उरलेलं एकेक वाळूक तिनं त्या तुकड्यात गुंडाळलं, देठाशी सैलसर गाठ मारली. सगळ्या वेलांवर हिरवी गाठोडी. लांबून बघितलं तर वाटायचं, कोणीतरी तान्ही मुलं रानात निजवून कामाला गेलंय.

ते कापडावर बसले. सोंड कापडातून आत घातली.

मी तिच्या शेजारी उभी होते. एका गाठोड्यावर चार-पाच बसलेले, ते तिनं हातानं झटकले. ते उडून पलीकडच्या गाठोड्यावर बसले. ते झटकले. पुन्हा ह्यावर आले. ती झटकत राहिली, इकडून तिकडं, तिकडून इकडं, ऊन डोक्यावर आलं तरी. माणसाचे हात रिकामे राहू शकत नाहीत म्हणून चालत राहतात, तशातले ते हात होते. मी "आत्याबाई, चला घरी" एवढं म्हणायचं धाडस करू शकले नाही. आज गच्चीवर मुलगा म्हणाला, "एवढं काय आई, बाजारात औषध मिळतं, स्प्रे मारू." मी मान हलवली.

शेवटी एक वाळूक वाचलं असं वाटलं. ते तिनं आधीच कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकलं होतं आणि डालग्याच्या भोकांत माती लिंपली होती. सकाळी थोडा वेळ उघडायची, समोर बसून राहायची, पुन्हा झाकायची. ते मोठं झालं, जाळी आली, पिकलं. वासही आला, मळईतल्यासारखा नाही, पण आला. आम्ही ते घरात आणलं तेव्हा आत्याबाई चालत होती ती पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर आणल्यासारखी.

कापलं. गर नीट होता, एका बाजूला फक्त दोन-तीन ठिपके. बिया भरपूर होत्या, दिसायला चांगल्या. आत्याबाईनं त्या परातीतल्या पाण्यात सोडल्या. भरलेलं बी तळाला जातं, पोकळ बी वर येतं, हे आमच्याकडं लहान पोरीलाही ठाऊक असतं.

सगळ्या वर आल्या. परातभर तरंगत राहिल्या. डालगं घालायच्या आधीच कधीतरी एखाद्या किड्यानं आपलं काम केलं होतं, आणि बरोबर बियांपर्यंत पोचला होता. आत्याबाईनं बोटानं त्या खाली दाबल्या. बोट काढलं की वर. दाबल्या, वर.

बऱ्याच वेळानं तिनं त्या निथळून काढल्या आणि सुपात वाळत घातल्या. मला वाटलं, फेकायचा धीर होत नसेल. पण वाळल्यावर तिनं त्या नीट राखेत घोळल्या आणि लुगड्याच्या उरलेल्या तुकड्यात त्यांची पुरचुंडी बांधली.

रंगूमामा आले ते नवरात्राच्या आधी. दोन वर्षांत माणूस एवढा वाळतो? गालफडं बसलेली, धोतराला माळाची पांढरी माती. आत्याबाईनं पाणी दिलं, चहा दिला, घरच्यांची चौकशी केली. मळईबद्दल तिनं विचारलं नाही आणि मामांनी सांगितलं नाही. उठायच्या वेळी तिनं पुरचुंडी आणून त्यांच्या हातावर ठेवली.

"घे. वाळकाचं बी."

मी चुलीपाशी होते. मामांनी पुरचुंडी तळहातावर घेतली आणि तळहात जरासा वर-खाली झाला, अगदी जरासा. सारा जन्म बियाणं हाताळलेला माणूस. मग त्यांनी ती कपाळाला लावली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

"कशी आली हुती वाळकं?" त्यांनी विचारलं.

"आली हुती," आत्याबाई म्हणाली. "चांगली आली हुती."

"पुढल्या पावसाला लावतो मी."

"लाव."

मी त्यांना एस्टीच्या फाट्यापर्यंत सोडायला गेले. वाटेत मला राहवलं नाही. "मामा, ते बी..."

"पोकळ हाय," मामा म्हणाले. चालतच होते, थांबले नाहीत. "कळलं मला. कीड पडली का?"

मी सगळं सांगितलं. राख, तंबाखू, पावडर, लुगडं, डालगं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "मला तरी कुठं रान मिळालंय अजून, पोरी? माळावर पत्र्याचं घर हाय. घराची तुळई तेवढी काढून आनली, ती बी भायेर पडलीया. मळईत औंदा कोनी पेरलंच न्हाई. बी भरलेलं असतं तरी टोचायचं कुठं?" एस्टी दिसायला लागली होती. "आक्काला ह्यातलं काय सांगू नको. रान मिळालं, काळं हाय, असं सांग."

मी घरी येऊन तसं सांगितलं. रान मिळालं. काळं आहे. आत्याबाईनं नुसतं "बरं झालं" म्हटलं आणि सूप झटकून भिंतीला टेकवून ठेवलं.

पुढच्या भादव्यात मामा आले ते काखेत पिशवी घेऊनच. दारातूनच म्हणाले, "आक्का, तुझंच बी. लागलं बघ, लई लागलं." पिशवीतून दोन वाळकं काढली. चांगली पिकलेली, गुळगुळीत, पिवळीधमक. पट्टे नव्हते, जाळी नव्हती. मी नदीकाठचं वाळूक आयुष्यात एकदाच खाल्लेलं, पण मलाही कळलं, हे शेवगावच्या बाजारातलं आहे. मामा माझ्याकडं बघत नव्हते.

आत्याबाईनं एक वाळूक हातात घेतलं, नाकाशी धरलं. बराच वेळ. मग विळी घेऊन बसली, फोडी केल्या, मीठ लावलं, पहिली फोड भावाच्या हातावर ठेवली आणि दुसरी स्वतः खाल्ली.

"व्हय," ती म्हणाली. "त्योच वास."

"हाय न्हवं?" मामा म्हणाले.

"त्योच हाय. रान कसं हाय नवं?"

"चांगलं हाय."

"पानी?"

"हाय की."

दोघांनी मिळून ते वाळूक संपवलं. मामा बहिणीला दुष्काळातल्या कुठल्या तरी म्हशीची गोष्ट सांगून हसवत होते आणि ती हसत होती, पदर तोंडाला लावून. ऊन कलल्यावर ते गेले. आत्याबाई फाट्याच्या दिशेनं बघत ओसरीवर उभी राहिली, ते दिसेनासे होईपर्यंत. मग आत आली. ताटलीच्या कडेला काढून ठेवलेल्या बिया, टपोऱ्या, भरलेल्या, तिनं मुठीत घेतल्या, अंगणात जाऊन कोंबड्यांपुढं टाकल्या आणि शेवटची बी टिपली जाईपर्यंत तिथंच थांबली.

मी दारात होते. तिनं मला बघितलं.

"आनंल त्यो पुढल्या वर्षी बी वाळूक," ती हात धूत म्हणाली. "तू काय बोलू नको त्याला. आपन खायाचं."